निळे बुडाले त्या शनिवारी

प्रिय ठकूबाई,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठणठणीत आहे. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो तेवढाच कुरकुरतोय आणि माझी जीभ चालते तेवढीच चालतेय. आपले निळे फुटबॉलच्या खालच्या लीगमध्ये घसरले, ही बातमी मी तुला द्यायला नको. पण त्यानंतर इकडे काय झालं ते तुला माहीत नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, पाठ टेकली आणि सकाळी उन्हं तोंडावर येईपर्यंत घोरत पडलो. ज्या संघापायी उभा जन्म घसा फोडला तो बुडाला आणि हा माणूस घोरतोय, म्हणून तुझ्या आईने माझ्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे का ते बघितलं. शेजारीपाजारी म्हणाले, धक्का बसला बिचाऱ्याला. धक्का कसला डोंबलाचा! सुटलो मी. कसा सुटलो ते फोनवर सांगता आलं नसतं. फोन हातात घेतला की मी 'जेवलीस का' आणि 'थंडी आहे का' याच्या पुढे जात नाही, ते तुला ठाऊक आहे.

तर मुळापासून सांगतो. दुकानातली शनिवारची रीत तुझ्या लहानपणापासूनची. सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आत मी ओल्या साबणाने मोठ्या आरशाच्या कोपऱ्यात निळ्यांचा त्या दिवशीचा स्कोअर अंदाजाने लिहितो, आणि दिवसभर दाढी-कटिंगला आलेले लोक त्यावरून भांडतात. निळे हरतील असं या हाताने आजवर लिहिलेलं नाही. यंदा पहिल्या शनिवारी लिहिलं, निळे तीन, पाहुणे शून्य. झालं काय, तर पाहुणे दोन आणि निळे शून्य. सगळा मोसम असाच गेला, बोलाफुलालाही गाठ पडली नाही. पण त्याच शनिवारी तुझीही या लीगमधली रेफरी म्हणून पहिली शिट्टी होती, तेव्हा निळ्यांच्या ओळीखाली मी आणखी एक ओळ लिहिली: ठकू, पिवळी कार्डं तीन, लाल एकही नाही, शिव्या पोतंभर. शिव्यांचा अंदाज तेवढा बरोबर आला. लाल कार्ड तू पहिल्या अर्ध्या तासातच काढलंस. आपल्या दुकानात टीव्ही मागच्या भिंतीवर, खुर्चीतला माणूस तो आरशात बघतो, म्हणून मला तू डाव्या हाताने कार्ड दाखवताना दिसलीस, आणि मी वेड्यासारखा ओरडलो, अरे, ही डावरी कधी झाली! सगळे हसले. मीही हसलो.

तुझी आई सामना बघत नाही. ती घासलेली भांडी पुन्हा घासते आणि सामना संपला की दुकानात फोन करून एकच विचारते, सुखरूप आत गेली का? तिचा घोर तेवढाच. माझा वेगळा होता, आणि तो मी कुणाजवळ बोललो नव्हतो. तू या शहरातली म्हणून निळ्यांचे सामने तुला देत नाहीत, हे मला माहीत होतं. पण लीग म्हणजे लोकरीचा गुंता, इकडे ओढलं की तिकडे गाठ बसते. कधीतरी आडवाटेने का होईना, तुझी शिट्टी आणि माझे निळे समोरासमोर येणारच. त्या वेळी तुला माझं तोंड आठवलं तर? निळे हरले की मी ताटावरून उठतो, हे तू कळायला लागल्यापासून बघत आलीस. तुझी शिट्टी केसभर जरी बापाकडे झुकली असती ना, तर मी जगाला काय तोंड दाखवणार होतो? आणि तू तरी ती पुन्हा ओठांना कशी लावणार होतीस?

तुझं हे वेड माझ्यामुळेच, असं तुझी आई म्हणते. सहावीत असताना हात मोडून घेतलास, खेळता येईना, म्हणून गल्लीतल्या सामन्यात मीच तुझ्या गळ्यात शिट्टी अडकवली. म्हटलं, पोर कोपऱ्यात बसून मुसमुसण्यापेक्षा बरं. आणि तू त्यात खेळणाऱ्या सख्ख्या बापाला पिवळं कार्ड दाखवलंस! कार्ड तरी कुठलं, तर माझ्याच दुकानाचं, वर कात्री-कंगव्याचं चित्र असलेलं. मी म्हटलं, अगं, नुसता धक्का दिला त्याला. तर म्हणालीस, धक्काच दिला ना, मग झालं. महिनाभर मी येईल त्याला ते कौतुकाने सांगत होतो, लोक कंटाळले.

यंदा तुझ्यापायी माझी स्टँडमधली अब्रू मात्र गेली. निळ्यांच्या घरच्या सामन्याला मी नेहमीच्या जागी बसलो होतो, एका बाजूला बेकरीवाला, दुसऱ्या बाजूला आपला 'रेडिओ', म्हणजे तोच बडबड्या, जो डोळ्यांपुढे चाललेला सामना आपल्यालाच परत सांगत बसतो तो. रेफरीने आमचा गोल ऑफसाइड दिला. मी उठलो, छाती भरून घेतली, 'अरे आंधळ्या' पर्यंत आलो आणि पुढचं तोंडातच राहिलं. याचाही बाप कुठेतरी टीव्हीपुढे बसला असेल, असं मनात आलं. पण सुरुवात तर करून बसलेलो, तेव्हा म्हटलं, 'अहो रेफरीसाहेब, जरा पुन्हा बघता का?' अख्खा स्टँड माझ्याकडे वळला. बेकरीवाल्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तेव्हापासून तिथे माझं नाव 'अहोजाहो' पडलंय.

दुकानात मी एवढा संत राहिलो नाही. एका शनिवारी एक परका माणूस दाढीला बसला. आरशातल्या टीव्हीवर तू. तू माझी कोण, हे त्याला काय ठाऊक! तोंडाला फेस लावलेला, तरी बडबड थांबेना, या बायकांच्या हातात शिट्टी दिली कुणी, हिला घरी धुणीभांडी नाहीत का. मी 'साहेब, मान जरा वर करा' एवढंच म्हटलं आणि वस्तरा हातात घेतला. बाकावर बसलेला रेडिओ पुढे सरकून बघायला लागला. दाढी मी लोण्यासारखी केली, देवाशपथ. पण मिशी कोरताना, ठकू, माझ्याकडून एक निर्णय चुकला. डावी बाजू उजवीपेक्षा चांगली बोटभर आखूड झाली. तो आरशात बघून किंचाळला, तसा रेडिओ म्हणाला, 'साहेब, रेफरीचा निर्णय अंतिम असतो.' तुझ्या आईने हे ऐकून मला चांगलं झापलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत बसली.

ते बाटलीचं मात्र हसण्यावारी नेता आलं नाही. कुणा हलकटाने फेकली, तुझ्या कपाळाला लागली, तू खाली बसलीस, पट्टी लावून घेतलीस आणि उरलेला सामना धावलीस. फोनवर म्हणालीस, काही नाही बाबा, खरचटलंय. पुढच्या शनिवारी माझा हात आरशाकडे उचलेचना. तर तुझी आई, जी वर्षातून एकदाही दुकानाची पायरी चढत नाही, ती चपला सरकवून आली, माझ्या हातातला साबण घेतला आणि लिहिलं: ठकू सुखरूप, निळ्यांचं काय व्हायचं ते होवो. तिचं दोन्ही खरं झालं. तू सुखरूप आत गेलीस आणि निळे चार गोल खाऊन आले.

मग आला शेवटचा शनिवार. निळे तळाशी लोंबकळत होते आणि बंदरवाले, म्हणजे बंदराच्या शहराचा संघ, त्यांच्यापेक्षा एकाच गुणाने मागे. दोघांतला एक वाचणार, एक खाली जाणार. निळे जिंकले तर प्रश्नच मिटला, बरोबरीत सुटले तर बंदरवाले त्यांच्या मैदानावर जिंकायला नकोत, एवढा साधा हिशोब. आणि आदल्या दिवशी बातमी आली की बंदरवाल्यांच्या सामन्याच्या रेफरीचा पाय मुरगळला, ऐनवेळी तुला धाडलंय. तिकडे बंदरावर बोंबाबोंब, ही निळ्यांच्या शहरातली, ही आपला गळा कापणार. इकडे जो येईल तो माझ्या पाठीवर थाप मारून जाई, काय, आता काळजी नाही, रेफरी घरचीच! बेकरीवाला तर केक घेऊन आला. मी तो तसाच कपाटावर ठेवला. तुला फोन करावा, सांगावं की पोरी, माझा विचार मनात आणू नकोस, असं दहादा वाटलं. पण असं सांगणं म्हणजे तुला मुद्दाम माझी आठवण करून देणंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

निळ्यांचा सामना घरच्या मैदानावर आणि मी मैदानात नाही, असं पहिल्यांदाच झालं. मी दुकान उघडं ठेवलं आणि खुर्ची फिरवून टीव्हीकडे तोंड केलं. म्हटलं, आज आरशातलं उलटं नको, सरळ बघायचं. आपला रेडिओ खराखुरा रेडिओ कानाला लावून निळ्यांचं सांगत होता, शून्य-शून्य, अजून शून्य-शून्य. तुझ्याकडे एक-एक. तुझी आई दाराला टेकून उभी, तिनेही आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला घेतला. शेवटची मिनिटं उरली. बंदरवाल्यांच्या पोराने गोलसमोर चेंडू टाकला, समोरच्या संघाच्या बचावातल्या एकाने उडी मारली आणि चेंडू त्याच्या वर केलेल्या हाताला लागून बाहेर गेला. दिसलं. दुकानात सगळ्यांना दिसलं आणि कुणी ब्र काढला नाही. तू शिट्टी ओठांत धरलीस, आणि ती वाजली नाही. क्षणभरच असेल. तू बाजूच्या साहाय्यकाकडे बघत असशील, तुमचं काय ते असेल. पण मला वाटलं, झालं, मी आठवलो हिला. आणि ठकू, मी खुर्चीतून उठलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, 'माझा विचार करू नकोस गं! पेनल्टी आहे! वाजव, वाजव!' डोक्यावर निळ्यांची टोपी घालून ओरडलो.

आणि तू वाजवलीस. गोल झाला, बंदरवाले वाचले, निळे बुडाले. मी मटकन बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. लोकांना वाटलं निळ्यांसाठी. निळ्यांसाठी नव्हतं गं, छातीवरचा धोंडा उतरला म्हणून होतं. दुसऱ्या दिवशी शटर वर करताना जरा हात जड झाला, खोटं कशाला सांगू. रेडिओ सगळ्यांच्या आधी आला, खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड बांधून घेतलं आणि म्हणाला, 'हाताला लागला होता.' ज्याचं तोंड दिवसभर बंद होत नाही तो तेवढंच बोलला आणि डोळे मिटून बसला. बेकरीवाला अजून गाल फुगवून आहे. असू दे. दाढी वाढली की येईल झक मारत.

आता हे सगळं पुराण कशाला, ते सांगतो. तेव्हापासून तुझा फोन नाही, मला वाटलं दमली असेल पोर. काल तुझ्या आईच्या फोनवर तुझा निरोप आला आणि तू नको म्हटलं होतंस तरी तिने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. या सुट्टीत येत नाही म्हणे तू. शिट्टी वाजवायच्या आधी बाबांचं तोंड डोळ्यांपुढे आलं, तरी वाजवली, आता त्यांच्यापुढे कशी येऊ, असं लिहिलंस. म्हणजे मी आडवा आलोच होतो तर! अगं वेडे, तोंड बरोबर आलं, आवाज तेवढा पोचला नाही. त्या तोंडाने मी काय ओरडत होतो ते तुझ्या कानावर घालावं, एवढ्यासाठी हे पत्र. सुट्टी लागली की पहिल्या गाडीने ये. उतरल्यावर टॅक्सी करू नकोस आणि मागच्या गल्लीने तर मुळीच येऊ नकोस. भर बाजारातून, आपल्या दुकानासमोरून, बॅग खांद्याला लावून चालत ये. मी दारात उभा असेन.

खालच्या लीगमध्ये मजेत असलेला,
तुझाच बाबा