टोकाला वळसा घालताना

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझा निरोप न घेताच निघालो. ऑफिसचं काम निघालं असं दाजींना सांगितलं, ते खोटं होतं.

तुमचं गाव आवडलं. दोन्ही अंगांना समुद्र, मधे ती एकुलती गल्ली, दारोदार पसरलेली जाळी. धक्क्यावर टोपल्यांवर बर्फ घालता घालता तू दिसेल त्याला सांगत होतीस, हा माझा धाकटा, इंजिनिअर. मी आपला फुगून उभा.

आता खरं लिहितो. आपण चौघं दाजींच्या होडीतून फिरायला गेलो आणि टोकाला वळसा घालताना आडवी लाट आली, तेव्हा चिमणीचा पाय घसरला नव्हता. तिने धरलेली हवेची ट्यूब मी हिसकावली, तिला ढकललं. पोर पाण्यात आणि मी ट्यूब पोटाशी धरून होडीतच बसलेला. वर काढल्यावर तीच म्हणाली, पाय घसरला. भाचीने मामाची लाज झाकली. तिच्याकडे बघवेना, म्हणून पळालो.

लोभ उरला असेल तर असू दे.

तुझा,
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

चिमणी बरी आहे, शाळेत जाते. हे तिला चिडवतात, मासेमाराची मुलगी आणि खारं पाणी पिऊन आली. ती हसत नाही. माझ्याशी तर कामापुरतंच बोलते.

यांची पाठ होती, पण तू ढकललंस ते मला दिसलं होतं. तुझं पत्र चुलीत घालायला निघाले होते. पण ती गप्प आहे ते तुझ्यामुळे नाही. ती पाण्यात, तू होडीत, आणि मी ओरडले काय, तर धाकट्याला धरा, त्याला पोहता येत नाही. यांनी आधी तुला सावरलं, मग उडी घेतली. तिने सगळं ऐकलं. लहानपणापासून तुला सांभाळलं, ती सवय तोंडातून निघाली, असं मनाला समजावते. तिच्यासमोर उभं राहिलं की तेही सुचत नाही. पोटच्या पोरीला तोंड चुकवत घरात वावरते आहे.

यांना तूच येऊन सांग. मग मीही तिच्याशी बोलेन. एकटीने माझ्याने होत नाही.

लोभाचं विचारू नकोस, त्यानेच हा घोळ केला.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू येऊन बाबांना सगळं सांगून गेलास. काल ते म्हणाले, त्याला लिही, पुन्हा यायचं तर आधी पोहायला शीक. म्हणजे ये, असा अर्थ.

मी पाय घसरला म्हणाले ते तुझ्यासाठी नाही. आई धक्क्यावर तुझं एवढं कौतुक सांगत होती, तिची मान खाली जायला नको म्हणून. आणि मी पाण्यात असताना तिने हाक मारली ती तुझ्या नावाची. तू आलास त्या दिवशी तुमच्यासमोर ती माझ्याजवळ येऊन रडली, तरी माझा राग गेला नाही. खोटं कशाला लिहू?

आज धक्क्यावर टोपली तिच्या हातातून निसटत होती. घाईत तिने मला हाक मारली, धाकट्या, धर. मग तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली, लोकांसमोर, लालबुंद.

मी ओ दिली आणि टोपली धरली.

आईचा आशीर्वाद, माझा लोभ थोडा थांबून.

तुझी,
चिमणी