बंद गाडीला हार घालायचा नाही

प्रिय मामा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं. पण तुम्ही म्हणाला असता, "सुनबाई, सासऱ्याला लिहितीस का तहसीलदाराला?" म्हणून खोडलं.

आज दसरा. पुरणपोळी हाणून तुमचे चिरंजीव घोरतायत आणि तुमच्या कारभारीण, आमच्या आत्या, अंगणात म्हशीपाशी बसल्यात. काल खंडेनवमीला आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला कुणीतरी सांगायला नको का? आत्यांना लिहायचा कंटाळा, ह्यांना सांगता सांगता अर्धं विसरायची सवय. राहता राहिले मी.

हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला वाटेल आपण गोठा काढलाय. म्हैस म्हणजे तुमची ती रिमोटची गाडी हो. पेट्रोलवर पळणारी, शेळीच्या करडाएवढी, खड्ड्याखुड्ड्यांतून उड्या मारत जाणारी. ह्यांनी हौसेनं हैदराबादहून जुनीच विकत आणली, चार दिवस पळवली आणि माळ्यावर टाकली. तुम्ही तेव्हा हायवेवरचं ट्रकचं गॅरेज नुकतंच बंद केलं होतं, हात शिवशिवत होते. तिला खाली काढलीत, काळा रंग दिलात आणि बारसं केलंत. म्हैस का, तर चिखल दिसला की ही बया रस्ता सोडून त्यात घुसते.

मी उमरग्याच्या दवाखान्यात रक्त तपासणारी बाई. माझा तिच्याशी काय संबंध? पण तुम्ही पेट्रोलमध्ये ऑइल नुसत्या अंदाजानं ओतत होतात, ते बघून मला राहवेना. कोरी सिरिंज आणून मोजून घातलं. त्या दिवशी म्हशीनं धूर कमी सोडला आणि तुम्ही मला भागीदार करून टाकलंत. सासरी येऊन दोन वर्षं झाली होती मामा, पण हे घर माझं आहे असं मला पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं. तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

मग काय काय केलं आपण! पाण्याच्या निळ्या ड्रमचं प्लास्टिक कापून तिच्या पोटाखाली बसवलं, दगड लागू नयेत म्हणून. मागच्या स्प्रिंगा लेच्यापेच्या निघाल्या, तर भंगारातल्या मोपेडच्या घासून घातल्या. आणि ट्रक रंगवणाऱ्याकडून मागच्या बाजूला कमळं काढून घेतलीत, मधोमध लिहिलंत, 'सुनबाईची कृपा'. आत्या दोन दिवस धुसफुसत होत्या. "जगाच्या गाडीवर आईची कृपा असती. इथं सुनंची. आन् मी काय उपरी हाय व्हय?" तुम्ही मिशीत हसत होतात. त्यांना एक शब्द समजावून सांगितला असतात तर काय बिघडलं असतं?

आता कालचं.

गॅरेजातला तुमचा नियम मला पाठ आहे. खंडेनवमीला पान्हे-जॅक मांडायचे, गाड्या ओळीनं उभ्या करायच्या, पण हळद-कुंकू नंतर. आधी इंजिन चालू झालं पाहिजे. "बंद गाडीला हार घालायचा नाही. हार घातला की माणूस तिचा नाद सोडतो." एकदा एका ड्रायव्हरचा ट्रक चालू होईना, तर तुम्ही सगळ्यांना दुपारपर्यंत उपाशी ठेवलंत. नैवेद्याच्या पोळ्या गार, मुलं रडकुंडीला, आणि तुम्ही ट्रकच्या खाली. ही गोष्ट आत्या अजून दात ओठ खाऊन सांगतात.

तुम्ही गेलात आणि वर्षभर घरात सण नव्हता. म्हैस पडवीत झाकून ठेवलेली. तुमचा फोटो भिंतीवर. त्याला रोज हार हे घालतात. मी नाही घातला मामा, एकदाही नाही. हातात घ्यायचे आणि तुमचा तो नियम कानात वाजायचा. हार घातला की नाद सोडल्यासारखं होईल, असं वाटायचं. वेडेपणा आहे, माहीत आहे. कुणाला बोलले नाही.

यंदा वर्ष सरलं. पहिली खंडेनवमी. हे म्हणाले, "म्हशीला बाबांच्या फोटोखाली ठेवू, दोघांना हार घालू, झालं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "ती चालू झाल्याशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही." बोलून तर बसले. पण चालू व्हायला पाहिजे ना!

जुनं पेट्रोल काढून टाकलं, नवं मोजून भरलं. रिमोटच्या बॅटऱ्या बदलल्या. दोरी ओढली. फुरर्र करायची आणि मान टाकायची. प्लग काढून बघितला तर ओला. पुसून परत लावला, परत ओढली, परत ओला. कार्बोरेटर खोलला, फुंकला, लावला. अष्टमीचा अख्खा दिवस गेला. हात भरून आले. नवमीला सकाळी पुन्हा तेच. हे फुलं घेऊन उभे, ताटातली हळद वाऱ्यानं उडतेय, आणि मी पायरीवर बसून रडायच्या बेतात.

तेव्हा तुमचा आवाज आठवला. "इंजिनाला तीनच गोष्टी लागतात सुनबाई. ठिणगी, पेट्रोल, हवा." ठिणगी होती. पेट्रोल तर उतू जात होतं. हवा? एअर फिल्टर मी उघडलाच नव्हता. त्याच्या स्पंजाची काळजी तुम्ही स्वतः घ्यायचात, मला हात लावू देत नव्हतात.

टोपण काढलं आणि हातावरून ओघळ आला. स्पंज तेलानं गच्च. नाकाशी नेला तर चक्क खोबरेल!

तशीच स्वयंपाकघरात गेले. "आत्या, हे काय?"

आत्या पुरण वाटत होत्या. मान वर केली नाही. "तेल हाय."

"कुणी घातलं?"

"मी. दर सोमवारी घालते. ह्यांनी घातलेलं बघितलंय की मी. आता ते न्हाईत, मग कोण घालणार तिला? तू जातीस दवाखान्यात."

मामा, तुमच्या म्हशीला उठता बसता शिव्या देणारी बाई, वर्षभर गुपचूप तिची निगा राखत होती. मला हसू यायला लागलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच.

"आत्या, तेल घातल्यावर मामा तो पिळून काढायचे. थेंब राहू द्यायचे नाहीत. नाहीतर हवा कुठून जाणार?"

"पिळायचे? कवा? मी तर म्होरंच बसायची. धुतलेला बघितला, वाळवलेला बघितला, तेल घातलेलं बघितलं. पिळलेला न्हाय बघितला."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तेल घालून झालं की तुम्ही हाळी द्यायचात, "चहा ठेव गं." आत्या उठायच्या. त्या आत चहा ठेवत असताना तुम्ही बाहेर स्पंज पिळायचात. वर्षानुवर्षं! म्हणजे चूक कुणाची? तुमच्या चहाची.

आत्यांना सांगितलं तर त्यांनी पुरणाचे हात धुतले. मग म्हणाल्या, "आण इकडं." साबणाच्या पाण्यात स्पंज धुतला, गच्चीवर उन्हात वाळवला. तुमच्या बाटलीतलं फिल्टरचं ऑइल मी घातलं आणि त्यांनी मुठीत धरून असा पिळला की विचारू नका. पुरणपोळीची कणीक तिंबणारे हात ते. जेवण लांबलं, तुमचे चिरंजीव पोटाला हात लावून बसले. घरात तुमचं राज्य परत आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या ओढीला म्हैस बोलली. टर्रर्र करून अंगणभर निळा धूर, आणि त्या धुराला खोबरेल तेलाचा वास! शेजारच्या काकू विचारायला आल्या, आज नारळाच्या वड्या-बिड्या केल्यात का म्हणून.

मी रिमोट आत्यांच्या हातात दिला. "मला न्हाय येत," म्हणाल्या आणि लगेच खटका दाबला. म्हैस सुटली ती थेट ह्यांच्या अंगावर. हे ताट डोक्यावर धरून ओट्यावर चढले, झेंडूची फुलं सगळीकडं. आत्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. तुम्ही गेल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं.

मग तिला फोटोखाली आणली, इंजिन चालू ठेवूनच. आत्यांनी हळद-कुंकू लावलं, हार घातला. आणि भिंतीकडं बघून म्हणाल्या, "चालू हाय बघा तुमची."

दुसरा हार माझ्या हातात होता. तो मी तुमच्या फोटोला घातला. खाली तुमचं इंजिन टरटरत होतं, नाद कुठं सुटला होता?

माकणीच्या धरणाचं पाणी मागं हटलं की आत्यांना आणि म्हशीला घेऊन तिथं जाणार आहे, तुम्ही गुडघाभर गाळात उतरून म्हैस ओढून काढली होती त्याच काठाला. त्याआधी रंगवणाऱ्याला बोलावते. कमळांच्या मध्ये जागा आहे, 'आत्याबाईंची कृपा' एवढं मावेल, आणि माझ्या नावाच्या वर. आणि वचन देते, स्पंज त्या पिळत असतील तेव्हा चहा मी ठेवीन.

तुमची भागीदार,
सुनबाई