ढोल्या तुमच्या घरी येताना

शुक्रवार, ७ मार्च
कुत्र्यांची खाणी आटोपल्यावर

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत, तुम्ही तिघंही खुशाल असाल. झालं, रीतीचं लिहून झालं. आता मला ओरडू दे. तुम्हाला पिल्लू हवंय! आपल्या कुत्रीचं, बाईसाहेबांचं पिल्लू! तुझं पत्र मी फाटकापाशीच उभ्याने वाचलं आणि इतक्या जोरात "अगं बाई!" म्हणाले की पोस्टमन सायकल वळवून परत आला. त्याला वाटलं, काही वाईट बातमी आहे.

इतक्या वर्षांनी तू काहीतरी मागितलंस, आणि ते काय, तर घरात हत्ती. चिमणीनं हट्ट धरला म्हणतेस. धरणारच, भाची कोणाची आहे!

आता नीट बसून वाच, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला मी जे ऐकवते ते तुलाही ऐकवणार. तू या घरात वाढलीस हे खरं, पण मास्टिफ कुत्रे सांभाळले ते बाबांनी आणि मी. तू फक्त त्यांच्या पोटावर डोकं टेकून गोष्टीची पुस्तकं वाचलीस.

पिल्लाचं नाव तूर्तास ढोल्या. आज तो मांडीत मावतो म्हणून हुरळून जाऊ नका. वर्षभरात तो तुझ्या चष्मेवाल्या नवऱ्यापेक्षा जड होईल आणि वर आणखी वाढत राहील. वाढ पुरी होईपर्यंत त्याला जिन्यावरून धावडवायचं नाही, सांधे कच्चे असतात. लाळ गळते. थोडीथोडकी नाही, चांगली गळते. प्रत्येक खोलीत एक जुना टॉवेल टांगा आणि पाणी प्यायला की लगेच तोंड पुसा, नाहीतर तो ते तुमच्या मांडीला पुसेल. शेपटीच्या उंचीवर कपबशी ठेवायची नाही. घोरणं असं की पाहुण्यांना वाटावं, शेजारच्या खोलीत कोणीतरी कपाट सरकवतंय. आणि एखादं माणूस आवडलं की तो येऊन सगळा भार त्याच्यावर टाकून टेकतो. भिंतीजवळ उभं राहायची सवय लावून घ्या.

राखण करायला यांना शिकवावं लागत नाही. ती कधी करायची नाही, हे शिकवावं लागतं. अनोळखी माणूस आला की तो चिमणीच्या आणि त्या माणसाच्या मध्ये जाऊन उभा राहील, भुंकणारसुद्धा नाही. त्याच्यावर हात उगारायचा नाही आणि साखळीला बांधून ठेवायचं नाही, बांधलेला कुत्रा बिथरतो. अजून एक. एवढी मोठी कुत्री फार वर्षं जगत नाहीत. हे चिमणीला आत्ताच सांग, लपवू नकोस. तिला रडू आलं तर येऊ दे, आणि तरीही हवा म्हणाली तर समजायचं, पोरगी तयार आहे.

मग आपला शब्द. तुला पाठ आहे, पण चष्मेवाल्याला वाचून दाखव. घरात नवीन माणूस घ्यायचा तर घरच्या मोठ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून कुत्र्याला सांगायचं, "आपला." बाई असेल तर "आपली." एकदा सांगितलं की तो माणूस कितीही वर्षांनी येवो, कुत्रा वाट सोडतो. सांगितलं नाही तर नाही सोडत. बाबा तर हा शब्द इतका जपतात की पत्राखालीसुद्धा 'आपला' लिहीत नाहीत. बँकेच्या साहेबालाही नुसतं 'कळावे' आणि खाली सही. म्हणतात, "तो शब्द कुत्र्यांचा आहे, कुठेही उधळायचा नाही."

पिल्लू न्यायला अजूनही घरातल्या सगळ्यांनी यावं लागतं. बाबा एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून बाईसाहेबांना तो शब्द सांगतात, मगच ती पिल्लाला हात लावू देते. सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या. बघ, किती सहज लिहून टाकलं मी हे.

अजून मी बाबांना पत्र कोणाचं ते सांगितलेलं नाही. "एक कुटुंब आहे, लहान मुलगी आहे, माणसं चांगली आहेत," एवढंच मी बोलले. त्यांनी विचारलं, "माणूस करतो काय?"

"दुकान आहे."

"कसलं?"

"काचेचं," म्हणाले मी. खोटं नाही ना ते? चष्म्याच्या काचा म्हणजे काचाच!

शनिवार, संध्याकाळ

काल भांडी घासायला उठले आणि पत्र अर्धवटच राहिलं, कारण तेवढ्यात तुझं गाठोडं आलं. पिल्लाला वास ओळखीचा व्हावा म्हणून तिघांचे न धुतलेले कपडे पाठवायचे, हे तुला कोणी आठवण न करून देता आठवलं! मी मागे भांड्यांपाशी होते, म्हणून बाबांनीच ते सोडलं; मी हातात पातेलं घेऊनच दाराशी आले.

आधी तुझी ओढणी हाताला लागली. ती त्यांनी उलगडून मांडीवर पसरली. ओळखली ना त्यांनी, त्यांनीच आणलेली होती. मग ढोल्याच्या टोपलीत घातली आणि म्हणाले, "आपली." तू बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून या घरात तुझं नाव निघालेलं नाही, छोटे, आणि काल हा शब्द निघाला. माझ्या हातातलं पातेलं पडलं. मग चिमणीचा फ्रॉक. त्याचा खांदा त्यांच्या दोन बोटांत मावला. "आपली."

मग शर्ट. त्याच्या खिशातून चष्मा पुसायचं फडकं निघालं. बाबांनी ते उलटसुलट बघितलं आणि मग माझ्याकडे. "काचेचं दुकान," म्हणाले. मी पुन्हा भांड्यांकडे पळाले.

शर्ट त्यांनी खुंटीला लावला आणि फिरायला निघून गेले. आज दुपारपर्यंत तो तिथेच होता. माझं कशात लक्ष लागेना. शर्ट टोपलीत गेला नाही तर तुम्ही कोणत्या तोंडानं येणार, आणि मी तुला काय कळवणार?

मला सारखी ती बादली आठवत होती. चष्मेवाला पहिल्यांदा आला तेव्हा सरळ फाटक उघडून आत आला आणि आपल्या सुलताननं त्याला नळापाशी गाठलं. बिचारा उपड्या बादलीवर चढून उभा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंडानं "नमस्कार, नमस्कार!" तेही सुलतानला! बाबा पायरीवर बसून बघत राहिले, जागचे हलले नाहीत. वर म्हणाले, "सुलतानला पटला नाही, विषय संपला." दुसऱ्या कोणत्या घरात कुत्र्याच्या मतावर मुलीचं लग्न अडलं असेल? मी तेव्हाच तोंडावर म्हणाले होते, सुलतानचं काय चुकलं, त्याला कोणी सांगितलंच नाही. बाबा माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

आता ऐक, हे सांगायला मी कालपासून धडपडतेय असं वाटतंय, पण झालं ते तासाभरापूर्वीच. मी खिडकीतून बघितलं. बाबांनी अंगणात खुर्ची मांडली होती. तिच्या पाठीला तो शर्ट घातलेला, वरपर्यंत बटणं लावून. समोर बाईसाहेब बसलेली. बाबांनी शर्टाच्या खांद्यावर हात ठेवला आणि घसा खाकरला. पुन्हा खाकरला. बाईसाहेब मान वाकडी करून वाट बघतेय. मग ते तिलाच म्हणाले, "सुलतानचं काही चुकलं नव्हतं गं. त्याला कोणी सांगितलंच नाही."

माझं वाक्य! जसंच्या तसं!

आणि मग म्हणाले, "आपला."

बाईसाहेब उठली, शर्ट हुंगला, आणि तिची ती सवय, सगळा भार टाकून टेकली. खुर्ची आडवी, शर्ट खाली, शर्टावर बाईसाहेब. आणि बाबा हसले, छोटे, अगदी डोळे पुसेपर्यंत हसले. मी खिडकीत रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम.

तेव्हा शर्ट काही परत मिळायचा नाही. तो आता ढोल्याच्या टोपलीत आहे आणि त्याची एक बाही खाऊन झाली आहे. पुढच्या रविवारी या, तिघंही. बादली मी लपवून ठेवते.

तुझीच,
ताई

ता. क. मी पाकीट शोधून येईपर्यंत बाबांनी पत्र ओढून घेतलं आणि पेन मागितलं. खालचं अक्षर त्यांचं आहे. 'कळावे' लिहून खोडलंय, ते मी खोडलेलं नाही. आणि सही करायची राहिली का विचारलं, तर म्हणाले, "लिहायचं ते लिहून झालंय."

जावयास,
फाटकापाशी थांबावे. आत येण्याची घाई करू नये. मी स्वतः घ्यायला येईन.

आपला