विम्याच्या कागदावरचं कुंकू

सुषमा,

तू पाण्याच्या रांगेत होतीस, म्हणून हाक मारली नाही. दूध तापवलंय, मांजरापासून जप.

गाडीच्या विम्याची धास्ती एकदाची गेली. घर बदललं म्हणून पत्ता बदलायचा, आणि एवढ्या वर्षांत अपघात नाही म्हणून मिळणारी सूट टिकवायची तर जुनी पॉलिसी दाखवा, असं एजंट जरीवाला म्हणत होता. नाहीतर पूर्ण हप्ता. आणि पॉलिसी होती कतारगामच्या जुन्या घरी, मायच्या देव्हाऱ्यात! दसऱ्याला गाडीबरोबर तिचीही पूजा झाली आणि ती तिथेच राहिली. आपण भांडून निघालो तेव्हा देवाजवळचं मागायची हिंमत कुणाला होती?

म्हणून सकाळी तिकडे गेलो. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस, आता ओरडू नकोस. मी दारातच उभा राहिलो. थोरला दादा म्हणाला, "बाहेर काब्र उभा? मझार ये." बस, एवढंच. मागचं काहीच काढलं नाही. मायने कागद दिला. त्यावर इतकं कुंकू होतं की जरीवालाला गाडीचा नंबर फुंकर मारून वाचावा लागला. पण सूट मिळाली.

मी मार्केटला जातो. ओट्यावरचा स्टीलचा डबा वहिनीने दिलाय. कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आहे, तुला आवडतो तसा तिखट. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, आणि त्यात काय घालायचं ते मला कळत नाही. रविवारी तूच चल.

योगराज