बरोबरची खूण

१ सप्टेंबर

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. खोली एकच आहे, पण खिडक्या दोन बाजूंना आणि नळाला दिवसभर पाणी. बायकोला फोन केला तर म्हणाली, आधी तीन महिने टिकून दाखव, मग मी सामान बांधायला घेते. तिचा माझ्यावर विश्वास आहे, पण पुराव्यानिशी.

काम फर्निचरच्या दुकानात फिटरचं. गिऱ्हाइकाच्या घरी चपटी खोकी पोचतात, मागोमाग मी पोचतो आणि दोन-तीन तासांत त्या फळ्यांचं टेबल नाहीतर कपाट उभं करतो. दुकानाने निळा शर्ट, हत्यारांची पिशवी आणि एक छोटं ड्रिल दिलं. शर्ट दोन मापं मोठा आहे. आरशात पाहिलं तर शर्टच एकटा कामाला निघाल्यासारखा वाटला. साहेब, म्हणजे आमचे सुपरवायझर, बोलायला गोड. पण जाता जाता सांगून गेले की पहिले तीन महिने नोकरी कच्ची. तीन कामं 'अर्धवट' म्हणून परत आली की नारळ. मी मनात म्हटलं, एकही येणार नाही. हातात कला आहे माझ्या, उगाच विनय कशाला!

३ सप्टेंबर

आज टेबलाच्या खोक्यातून दोन लांब स्क्रू गायब. गिऱ्हाईक शेजारी उभं, चहा पुढ्यात, आणि माझं धाबं दणाणलेलं. बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. ते हसायलाच लागले. म्हणाले, उसनं घे. गाडीत पुढच्या गिऱ्हाइकाचं खोकं असतंच. त्यातून हवं ते काढायचं, कमी झालेल्या भागाची चिठ्ठी संध्याकाळी गोदामात द्यायची, म्हणजे ते लोक भरून देतात. सगळे फिटर असंच करतात.

गाडीत चार ड्रॉवरच्या उभ्या कपाटाचं खोकं होतं. भिंतीच्या पट्टीच्या पुडीत अगदी तसेच दोन स्क्रू मिळाले. कपाट पुढे कलंडू नये म्हणून वरून भिंतीला बांधायची ती पट्टी. अख्खी पुडीच खिशात टाकली आणि टेबल झोकात उभं केलं. उरलेली पट्टी कुठे पडली कोण जाणे. चिठ्ठी द्यायची राहिली. उद्या आठवणीने.

५ सप्टेंबर

ते उभं कपाट आज जोडलं. तिसरा मजला, छान उजेडाची खोली. घरात एक ताई आणि तिची सहा वर्षांची मुलगी. मुलीने मला मदतनीस म्हणून स्वतःची नेमणूक करून टाकली. स्क्रू मोजून वाटीत ठेवले, फळ्यांवरची अक्षरं मोठ्याने वाचली, एकदा तर मी फळी उलटी धरलेली तिनेच दाखवली. मला म्हणे, काका, तुम्ही नवीन आहात का?

शेवटी तिने खोक्यातल्या जोडणीच्या कागदाच्या मागच्या पानावरच्या पट्टीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे राहिलं. तेव्हा मला चिठ्ठी आठवली.

खरं तर काम तिथेच 'अर्धवट' लिहायचं आणि दोन दिवसांत पट्टी घेऊन यायचं. एवढंच होतं. पण पहिल्याच आठवड्यात अर्धवट लिहिणं जिवावर आलं. मी तिला सांगितलं, ते मोठ्या कपाटाला लागतं, याला नाही. तिने मान डोलावली. फॉर्मवर 'भिंतीला बांधले' असा एक चौकोन असतो. त्यात मी बरोबरची खूण केली. ताईने न वाचताच सही केली. सोमवारी जाऊन बांधून येईन, कुणाला कळणारही नाही.

८ सप्टेंबर

सोमवार. गेलो नाही, दिवस फार भरगच्च होता. मात्र गंमत अशी की आजच्या खुर्च्यांच्या खोक्यात एक भिंतीची पट्टी निघाली. खुर्चीला कसली पट्टी? जीव भांड्यात पडला. पिशवीत ठेवली. उद्या नक्की.

९ सप्टेंबर

आज पुस्तकांच्या फळीचं खोकं. पुन्हा एक जादा पट्टी.

आणि कागदाच्या शेवटच्या पानावर फळीचं चित्र नव्हतं. चार ड्रॉवरचं कपाट होतं. त्याच्या बाजूला गोल डोक्याची, छोटी, दोन वेण्यांची एक आकृती. त्या कागदांवर माणसाची आकृती असते हे खरं, पण वेण्या कधी पाहिल्या नाहीत. गिऱ्हाइकाला दाखवलं. तो म्हणाला, फळीच आहे की, आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

उन्हात फिरून डोळे थकले असतील.

१० सप्टेंबर

तीन घरं, तीन पट्ट्या. तिन्ही कागदांवर तेच कपाट. आता खालचा ड्रॉवर उघडा आहे आणि आकृतीचा एक पाय त्यात.

दुपारी ताईच्या बिल्डिंगखालून गाडी गेली. ड्रायव्हरला थांब म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार होतो? खोटी खूण केली होती, आता भोकं पाडायला आलोय? ती साहेबांना फोन करणार, साहेब फॉर्म काढणार. बायकोने पुठ्ठ्याची खोकी गोळा करायला सुरुवात केली आहे.

जावं म्हटलं की दुसरंच काहीतरी काम आठवतं. एरवी मी इतका भित्रा नाही. म्हणजे, नसावा.

११ सप्टेंबर

ताईला फोन लावला. मुलीने उचलला. मला लगेच ओळखलं. सांगायला लागली की बाहुली वर ठेवली आहे, अगदी सगळ्यात वर, आणि आई खाली गेली आहे. कपाटावर चढू नकोस, एवढं सांगायला फोन केला होता. पण का म्हणून विचारलं असतं तर? मी म्हटलं, आईला सांग, काका उद्या येतील.

का नाही सांगितलं? तीन शब्द होते.

१२ सप्टेंबर

पिशवीत अकरा पट्ट्या. वजन जाणवतं. आकृती दुसऱ्या ड्रॉवरवर.

साहेबांनी सकाळीच तातडीची दोन कामं दिली. मी हो म्हणालो. हो म्हणताना बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. आज जाता येणार नाही याचं मला बरं वाटलं.

१३ सप्टेंबर

सकाळी — तिसरा ड्रॉवर. दोन्ही हात वरच्या कडेला. कपाट पुढे झुकलेलं. बाण काढावा तशी एक वाकडी रेघ.

हातातलं काम तसंच टाकून निघालो. गिऱ्हाईक मागून ओरडत होतं. अर्ध्या वाटेवर पिशवीत जमवलेले सगळे कागद पुन्हा उघडून पाहिले. सगळ्यांवर कपाट आडवं. आकृती कुठेच नाही.

मी परत फिरलो. पुढे गेलो नाही. परत फिरलो.

१५ सप्टेंबर

साहेबांनी आत बोलावलं. दार लावून घेतलं. शनिवारी सकाळी त्या घरात कपाट पडलं. मुलगी गेली.

ते म्हणाले, घाबरू नकोस, आपल्यावर काही नाही. फॉर्मवर तुझी खूण आहे, खाली आईची सही आहे. पट्टी लावलेली होती, नंतर त्यांच्याच कुणीतरी साफसफाईला काढली असणार. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, तुझ्या नीटनेटकेपणामुळे वाचलो बाबा.

थाप अजून पाठीवर आहे. शर्ट काढला तरी आहे.

१६ सप्टेंबर

ताईचा फोन आला. रडत नव्हती. तिचा नवरा, सासू, सगळे म्हणतात की झाडताना हिनेच पट्टी काढली आणि परत लावायला विसरली. तिलाही आता तसंच वाटतं. म्हणाली, मला आठवत नाही दादा, पण काढली असेन मीच, नाहीतर कुणी काढणार? फक्त भिंतीवर भोकं सापडत नाहीत. रोज बोटं फिरवून पाहते. तुम्ही येऊन नेमकी जागा दाखवाल का?

हो म्हणालो. या वेळी हो म्हणताना बरं वाटलं नाही.

बायकोने विचारलं, आवाज असा का येतोय. मी — सर्दी म्हणालो. हेही खोटंच.

१७ सप्टेंबर

दुपार. त्याच खोलीत जमिनीवर बसून लिहितोय.

कपाट पुन्हा उभं करून ठेवलंय. उद्या कुणीतरी घेऊन जाणार, म्हणून तिला भोकं आजच बघायची आहेत. ताई पार वाळून गेली आहे. बोटांची टोकं चुन्याने पांढरी. भिंतीचा रंग जागोजागी घासून निघालाय, माझ्या डोक्याच्याही वर, तिचा हात पोचेल तिथवर.

सांगायला तीनदा तोंड उघडलं. तीनदा जागा नीट आठवत नाही म्हणालो. जीभच वळत नाही. ती शेजारून बॅटरी आणायला गेली आहे. तोंडाने जमत नाही तर लिहून देतो. ती आली की ही वही तिच्या हातात —

मागे ड्रॉवर उघडला. खालचा.

घरात कुणी नाही.

माझी पाठ कपाटाकडे आहे. उठावं तर — नाही. उठलो तर मी पळेन. मला मी माहीत आहे. पळालो तर हे कायमचं तिच्याच माथी.

दुसरा. हळू. आत पाय ठेवल्यावर फळी करकरते तशी —

मानेवर सावली येतेय. बघत नाही. लिहितो. जिन्यात ताईची पावलं आहेत. दोन वाक्यं, तेवढीच —

तिसरा.

ताई, पट्टी तुम्ही काढली नाहीत. भिंतीला भोक कधी पाडलंच नव्हतं. पुडी मी काढली, खूण मी केली. तुमचा यात काहीच दो