हजाराव्या दिवसाचा दगड

आई,

मनानं तुझ्या गुडघ्यांवर डोकं टेकवून लिहितेय. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. रत्री आता माझ्याहून उंच झालीय. तुझा खोकला कसा आहे? आल्याचा काढा घेतेस ना?

मागच्या गुरुवारी रत्रीच्या बाबांना जाऊन हजार दिवस झाले. थडग्यावरची लाकडी पाटी काढून दगड बसवायचा दिवस. तू म्हणाली होतीस, तेवढे दिवस सुमात्रात काढ, मग रबराची बाग विकून जावाला परत ये. गिऱ्हाईकही मिळालं होतं. तिकडचं भातशेत विकून लावलेली ही झाडं सात वर्षं नुसती वाढत राहिली. ते गेले आणि पुढच्याच महिन्यात पहिला चीक निघाला.

शेजारची तुमिनी म्हणाली, "दगड कशाला बसवतेस बाई? लाकूड कुजेल नि तू सुटशील. नवऱ्यानं जिवंतपणी कमी अडकवलं का तुला?" जमलेल्या सगळ्या बायका हसल्या, मीही हसले.

रत्री मात्र म्हणाली, "आपण गेल्यावर बाबांचं गवत कोण काढणार?"

इथे गवत महिन्याभरात कंबरेला लागतं, आई. आणि या वसाहतीत त्यांचं आमच्याशिवाय कुणी नाही.

दगड बसवला. गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलं. वर्षातून एकदा येऊन जाईन, बोटीचं जमलं तर.

माझ्यासाठी मागची खोली तू रोज झाडून ठेवतेस, असं धाकट्या भावानं लिहिलंय. ती आता त्याच्या मुलांना दे. रिकामी ठेवू नकोस.

रागावलीस तरी तुझीच,
सुवार्ती