दोन बुडालेल्या गृहस्थांची तुलना

८ मार्च
संध्याकाळच्या कॉलेजचा निबंध. दोन जुन्या अमेरिकन कथा, दोन्ही नायकांचा शेवट वाईट. तुलना करा. पहिला गृहस्थ सगळे नको म्हणत असताना पुरात घोडागाडी घालतो. दुसरा, बायको सोडून गेली तरी रोज स्टेशनावर वाट बघतो आणि तिथंच गारठून मरतो. दोघेही ठार मूर्ख. तासाभराचं काम. उद्या.

९ मार्च
बायको, आर्लीन, घरात लिहू देईल तर शपथ! एकच धोशा: ऑरिन, गोठलेल्या तळ्यावरची मासे धरायची खोपी ओढून आण, बर्फ सुटायला लागलाय. निबंध झाला की आणतो म्हटलं. शांतता हवी म्हणून पिकअप बर्फावरून थेट खोपीपाशी नेली. एक ओळ, दोन मासे.

११ मार्च
शेजारच्या टॉइवोनं आपली खोपी काढून नेली. म्हणाला, बाबा रे, कडेला पाणी दिसतंय, यापुढं चालत ये. भित्रा कुठला! मी मिनेसोटात जन्मलो, मला बर्फ शिकवतोय. निबंधात लिहिलं, ‘पहिल्या गृहस्थाला फाजील आत्मविश्वास होता.’ झकास.

१२ मार्च
आर्लीन जेवताना रडली. तिचा धाकटा भाऊ याच तळ्यात गाडीसकट गेला. म्हणाली, पुन्हा बर्फावर गाडी घातलीस तर मी बहिणीकडे जाईन, परत यायची नाही, आणखी एक प्रेत ओळखायची ताकद नाही माझ्यात. हात धरून शब्द दिला, गाडी नेणार नाही. फक्त शनिवारी, खोपी आणायला. ती खेप मोजायची नाही.

१५ मार्च, शनिवार
पिकअप गेली. आधी पुढची चाकं, मग सगळीच. दारातून उडी टाकली, पोटावर सरपटत आलो. टॉइवोनं दोर फेकला. आर्लीन काठावर उभी. आता तोंडाचा पट्टा सुटणार, असं वाटलं. तिनं माझ्या अंगावर ब्लँकेट टाकलं. एक अक्षर बोलली नाही. म्हणजे रागावलेली नाही.

१६ मार्च
बहिणीकडे गेली. दोन दिवसांसाठी असेल. हिवाळ्याचे कपडेही नेलेत, पण तिला सामान जास्तच लागतं.

१९ मार्च
निबंध पूर्ण! निष्कर्ष: दोघेही वाचले असते, पण वेळेवर प्रेमानं सांगणारं माणूस नव्हतं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. आर्लीनला वाचून दाखवावा म्हणून फोन केला. बहिणीनं उचलला. म्हणाली, तिला तुझं काहीएक ऐकायचं नाही.

मी म्हटलं, दोनच पानं आहेत.